निकालाला घाबरू नका, आपल्या पैशात सरकार किती आहे ते मोजा

४ जून २०२४ चा मंगळवार ज्यांनी स्क्रीनसमोर बसून काढला त्यांना तो दिवस आकड्यांसकट पाठ असेल. आदल्या दिवशी एक्झिट पोलच्या जोरावर सेन्सेक्स अडीच हजार अंक वर गेलेला, आणि मतमोजणी सुरू होऊन भाजप एकट्याच्या बळावर २७२ गाठत नाहीये हे दिसायला लागलं तसा तोच सेन्सेक्स दिवसभरात सहा हजारांच्या वर घसरून शेवटी ४,३८९ अंक, म्हणजे पावणेसहा टक्के खाली बंद झाला. ३१ लाख कोटींचं बाजारमूल्य एका दिवसात गेलं अशा हेडलाइन दुसऱ्या दिवशी सगळीकडे होत्या. आणि मग शुक्रवारी ७ जूनला सेन्सेक्स ७६,६९३ वर बंद झाला, म्हणजे एक्झिट पोलच्या त्या सोमवारपेक्षाही वर. मंगळवारची सगळी पडझड तीन दिवसांत भरून निघाली.

यातून बहुतेकांनी एकच धडा घेतला, की निवडणुकीला घाबरायचं नसतं, बाजार आपोआप सावरतो, होल्ड करा. व्हॉट्सअॅप ग्रुपवर, यूट्यूबवर, ब्रोकरच्या मेसेजमध्ये, सगळीकडे हेच. आणि हे खोटं नाहीये, पण अर्धंच आहे, आणि उरलेला अर्धा भाग कोणी सांगत नाही म्हणून हे लिहितोय, कारण त्या अर्ध्या भागात साध्या लोकांचे खूप पैसे अडकलेत.

त्या मंगळवारी सेन्सेक्ससारख्या इंडेक्सच्या, म्हणजे बाजाराच्या निर्देशांकाच्या, आत काय चाललं होतं ते बघा. निफ्टीचा सरकारी बँकांचा इंडेक्स एका दिवसात साधारण १५ टक्के पडला. सरकारी कंपन्यांचा पीएसई इंडेक्स १६ टक्क्यांच्या आसपास. रेल्वे, डिफेन्स, पॉवर फायनान्स, सगळीकडे लाल. आणि त्याच दिवशी, त्याच तासाला, हिंदुस्थान युनिलिव्हर जवळपास सहा टक्के वर. साबण, बिस्किटं, टूथपेस्ट विकणाऱ्या कंपन्या हिरव्या. देश एकच, निकाल एकच, तरी एका गटाचे पंधरा टक्के गेले आणि दुसऱ्या गटाला नफा झाला. मग "राजकीय अनिश्चिततेमुळे बाजार पडला" या वाक्याला अर्थ काय उरतो? अनिश्चितता सगळ्यांसाठीच होती, पण तिची किंमत काही ठराविक सेक्टरनी मोजली, आणि का मोजली त्याचं कारण अगदी सरळ आहे. रेल्वेचे डबे, रूळ, तोफा, पाणबुड्या यांचं मुख्य गिऱ्हाईक सरकार. त्या शेअरच्या भावात "हेच सरकार, हाच खर्च, अजून पाच-दहा वर्षं" असं गृहीत धरलेलं होतं. आघाडी सरकार आलं तर रस्ते-रेल्वेचा पैसा थोडा खेड्यांकडे वळेल, लोकांच्या हातात पैसा येईल, साबण-बिस्किटं जास्त खपतील, असा हिशोब बाजाराने तासाभरात मांडला. हिशोब बरोबर होता की चूक ते सोडा, पण तो सेक्टरप्रमाणे मांडला गेला.

माझं म्हणणं एवढंच आहे की बाजारात राजकारणाची जोखीम किती, हा प्रश्नच अपुरा आहे. तुम्ही कुठला सेक्टर धरलाय त्यावर तुम्ही किती राजकारण विकत घेतलंय ते ठरतं. आणि हे आपल्या देशात आजचं नाही, मागे जाऊन बघितलं तर दर वेळी हेच दिसतं.

२००४ घ्या. १३ मे ला निकाल लागले, वाजपेयींचं सरकार गेलं, काँग्रेसला डाव्यांचा पाठिंबा लागणार हे दिसलं, डाव्या पक्षांचे साठ-एक खासदार, आणि त्यांच्या नेत्यांनी निर्गुंतवणूक खातंच, म्हणजे सरकारी कंपन्यांतले सरकारचे शेअर विकणारं खातंच, बंद करा अशी भाषा सुरू केली. सोमवार १७ मे ला सेन्सेक्स ११ टक्क्यांच्या वर पडून ४,५०५ ला बंद झाला, दिवसात दोनदा ट्रेडिंग थांबवावं लागलं. दलाल स्ट्रीटवरच्या जुन्या लोकांना तो सोमवार अजून आठवतो. त्या दिवशी सगळ्यात जास्त मार कोणी खाल्ला तर तेल कंपन्या, सरकारी बँका, म्हणजे ज्यांचं खासगीकरण होणार या आशेवर भाव वाढलेले होते ते शेअर. एचपीसीएल, बीपीसीएल विकल्या जाणार म्हणून लोकांनी घेतल्या होत्या, आणि विक्रीच होणार नाही म्हटल्यावर त्या भावाला आधार काय राहिला?

आता पुढचं बघा. याच डाव्यांच्या कुबड्यांवर चालणाऱ्या, रोज भांडणाऱ्या सरकारच्या काळात सेन्सेक्स ४,५०५ वरून १० जानेवारी २००८ ला २१,२०० पर्यंत गेला. पावणेचार वर्षांत चौपटीच्या वर. उलट २००९ ला काय झालं? डावे हरले, काँग्रेसला २०६ जागा, "स्थिर सरकार" आलं, आणि १८ मे २००९ ला सेन्सेक्स १७ टक्के उडाला, अप्पर सर्किट, म्हणजे एका दिवसात वर जायची मर्यादा, लागून दिवसाचं कामकाजच बंद करावं लागलं, असं याआधी कधी झालं नव्हतं. बाजाराने इतकं डोक्यावर घेतलेलं ते सरकार पुढे कसं गेलं ते सगळ्यांनी बघितलंय. मोबाइल लायसन्स वाटपाचं टूजी प्रकरण झालं, फेब्रुवारी २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने १२२ लायसन्स रद्द केली, कोळसा खाणींच्या वाटपाचं प्रकरण झालं, त्याचे २१४ ब्लॉक सप्टेंबर २०१४ मध्ये रद्द झाले, मधे तो व्होडाफोनसाठी पाठीमागून, म्हणजे आधीच होऊन गेलेल्या व्यवहारांवर, लावलेला टॅक्स. २००९ ला १४,२८४ वर बंद झालेला सेन्सेक्स २०१३ च्या ऑगस्टमध्ये १८ हजारांच्या आसपास घुटमळत होता. आणि त्यातही सेक्टर बघा. ज्यांना जमीन, कोळसा, परवाना, पर्यावरणाची मंजुरी, सरकारी बँकेचं कर्ज हे सगळं लागतं त्या पॉवर, इन्फ्रा, रिअल इस्टेट कंपन्या त्या चार वर्षांत झोपल्या, काही परत उठल्याच नाहीत, लँको इन्फ्राटेक पुढे दिवाळखोरीत गेली. त्याच चार वर्षांत एशियन पेंट्स, एचडीएफसी बँक, सन फार्मा, ल्युपिन यांनी लोकांना भरपूर पैसे करून दिले. म्हणजे "अस्थिर" सरकारने चौपट केलं आणि "स्थिर" सरकारने इन्फ्रावाल्यांना बुडवलं. निकालाच्या दिवशीच्या सर्किटने पुढच्या पाच वर्षांबद्दल काहीच सांगितलं नव्हतं.

सगळ्यात बोलकं उदाहरण मला १९९६ ते १९९९ चं वाटतं, आणि त्यावर आपल्याकडे फार कमी बोललं जातं. चार वर्षांत तीन लोकसभा निवडणुका. वाजपेयींचं तेरा दिवसांचं सरकार, मग देवेगौडा, मग गुजराल, मग परत वाजपेयी. फेब्रुवारी १९९७ ला चिदंबरम यांनी ज्याला ड्रीम बजेट म्हणतात ते मांडलं, बाजार खूश, आणि महिन्याभरात काँग्रेसने पाठिंबा काढला, ३१ मार्चला सेन्सेक्स एका दिवसात सुमारे आठ टक्के खाली. यापेक्षा जास्त अनिश्चितता कुठली असते? पण नेमक्या याच काळात भारतातले सगळ्यात मोठे पैसे कुठे झाले तर आयटीमध्ये. इन्फोसिसने १९९३ ला ९५ रुपयांना शेअर काढला होता तेव्हा तो इश्यू नीट भरलाही नव्हता. ११ मार्च १९९९ ला तीच कंपनी अमेरिकेच्या नॅस्डॅक शेअर बाजारात लिस्ट झाली, आणि पुढच्याच महिन्यात १७ एप्रिलला वाजपेयींचं सरकार एका मताने पडलं. दिल्लीत सरकार पडलं म्हणून अमेरिकेतल्या बँकेचं वायटूके दुरुस्तीचं (२००० साल लागताना कॉम्प्युटरमधल्या तारखा बिघडू नयेत म्हणून करायचं) काम थांबलं नाही. डॉलर येत राहिले. गिऱ्हाईक दिल्लीत नव्हतं, कच्चा माल दिल्ली ठरवत नव्हती, भाव दिल्ली ठरवत नव्हती. सरकारने सॉफ्टवेअर पार्क काढले, निर्यातीवरच्या नफ्याला टॅक्समधून सूट दिली, एकदा नियम लावून दिला आणि बाजूला झालं. कोणाचंही सरकार आलं तरी तो नियम टिकला.

आता यावर कोणी म्हणेल की मग आयटी घेऊन निवांत बसायचं का. अजिबात नाही, २००० साली नॅस्डॅक फुटलं तेव्हा आयटीवाल्यांचं काय झालं ते माहिती आहे, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रम्प यांनी एच-वन-बी व्हिसावर एक लाख डॉलरची फी लावली तेव्हा पुढच्या सोमवारी आपल्या आयटी शेअरना फटका बसलाच. राजकारण सगळ्यांनाच आहे, फक्त प्रत्येक सेक्टरची राजधानी वेगळी आहे. आयटीची राजधानी वॉशिंग्टन, रेल्वे आणि डिफेन्सची दिल्ली, साखरेची दिल्लीतलीच पण कृषी भवनात, कॅसिनोची जीएसटी कौन्सिलच्या मीटिंगमध्ये. ज्या शहरातल्या बातमीने तुमचा शेअर हलतो ते शहर तुम्हाला माहिती पाहिजे.

साखरेचं नाव घेतलं तर थोडं तिथेच थांबतो, कारण कोल्हापूर, सांगली, नगर, सोलापूरच्या लोकांना हे मला समजावून सांगायची गरज नाही, पण त्याच भागातली शिकलेली मुलं पुण्यात बसून साखरेचे शेअर घेतात तेव्हा हा विचार करत नाहीत. लिस्टेड साखर कंपनी म्हणजे काय? उसाचा किमान भाव, एफआरपी, केंद्र सरकार ठरवतं. साखर कमीत कमी किती रुपयाला विकायची तेही सरकार ठरवतं, आणि तो ३१ रुपये किलोचा आकडा २०१९ च्या फेब्रुवारीत ठरला तो एफआरपी वाढत असताना वर्षानुवर्षं तिथेच राहिला. महिन्याला बाजारात किती साखर सोडायची त्याचा कोटा सरकारचा. निर्यात करायची की नाही, किती करायची, सरकार. पेट्रोलमध्ये मिसळायचं इथेनॉल केलं तर त्याचा भाव सरकारचा आणि घेणाऱ्या मुख्यतः सरकारी तेल कंपन्या. आता या धंद्यात कंपनीच्या मॅनेजमेंटच्या हातात राहिलं काय? आणि तरी २०२१-२२ ला इथेनॉलची थीम म्हणून हेच शेअर लोकांच्या गळ्यात मारले गेले.

मग ७ डिसेंबर २०२३ आला. महाराष्ट्र-कर्नाटकात पाऊस कमी, ऊस कमी होणार, साखर महाग व्हायची भीती, पुढे लोकसभा, म्हणून केंद्राने त्या वर्षासाठी उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंदी घातली. गाळप हंगाम चालू असताना. ज्या कारखान्यांना सरकारनेच व्याजात सवलत देऊन डिस्टिलरी उभारायला लावल्या होत्या त्यांनाच. श्री रेणुका, बलरामपूर, द्वारिकेश, सगळे त्या दिवशी पडले. दहा दिवसांत थोडी ढील दिली, १७ लाख टन साखरेची मर्यादा घालून, आणि २०२४ च्या ऑगस्टअखेर पुढच्या वर्षासाठी बंदी पूर्ण उठवली. त्याच डिसेंबरच्या त्याच आठवड्यात कांद्याची निर्यातही बंद केली होती, नाशिकच्या शेतकऱ्याकडे तर विकायला शेअरही नव्हता. यात निवडणुकीचा निकाल कुठे आहे? सरकार बदललं का? ३०३ खासदारांचं भक्कम बहुमत असलेलं सरकार होतं. अनिश्चितता आली ती एका नोटिफिकेशनने.

हाच प्रकार गोव्यात. ११ जुलै २०२३ ला जीएसटी कौन्सिलने कॅसिनो आणि ऑनलाइन गेमिंगवर पूर्ण रकमेवर २८ टक्के टॅक्स ठरवला आणि दुसऱ्या दिवशी मांडवीतल्या कॅसिनोवाली डेल्टा कॉर्प वीस टक्क्यांहून जास्त पडली. सप्टेंबरमध्ये कंपनीला ११ हजार कोटींच्या वरची नोटीस आली, म्हणजे कंपनीच्या तेव्हाच्या सगळ्या बाजारमूल्यापेक्षा जास्त. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा आला, २० तारखेला लोकसभा, २१ ला राज्यसभा, २२ ला राष्ट्रपतींची सही, संपलं, मुंबईची गेमिंग कंपनी नझारा जोरात आपटली. जुगारावर बंदी असावी की नसावी हा वेगळा विषय आहे, माझं मत बंदीच्या बाजूनेच झुकतं, कारण मुलांनी कर्ज काढून पैसे घालवलेले बघितलेत. पण तीन दिवसांत एखादा धंदा बंद होऊ शकतो हे त्या शेअरच्या भावात कुणी धरलं होतं का?

आणि सुरक्षित म्हणतात त्या सेक्टरलाही हे चुकत नाही. एफएमसीजी, म्हणजे साबण-बिस्किटांसारख्या रोजच्या वापराच्या वस्तू विकणाऱ्या कंपन्या, म्हणजे सेफ, हे आपण लहानपणापासून ऐकतो. १७ जुलै २०१७ ला जीएसटी कौन्सिलने सिगरेटवरचा सेस वाढवला, दुसऱ्या दिवशी आयटीसी साडेबारा टक्के खाली, त्या एका शेअरने सेन्सेक्सला साडेतीनशेहून जास्त अंकांनी खाली ओढलं, आणि एलआयसीकडे आयटीसीचा मोठा हिस्सा असल्यामुळे पॉलिसीवाल्यांचेही पैसे त्यात गेले. म्हणून सेक्टरचं नाव वाचून भागत नाही, कंपनीच्या नफ्यावर सरकारचा हात कुठून पोचतो ते बघावं लागतं.

बाहेरच्या देशातही हेच आहे. ब्रेक्झिटच्या, म्हणजे ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडायच्या मतदानानंतर, २४ जून २०१६ ला लंडनचा मोठा इंडेक्स एफटीएसई १०० तीन टक्क्यांच्या आसपास पडला, आणि मधल्या कंपन्यांचा एफटीएसई २५० सात टक्क्यांच्या वर. आठवड्याभरात मोठा इंडेक्स परत जुन्या पातळीच्या वर, कारण त्यात तेल, खाण, औषध कंपन्या, ज्यांची बहुतेक कमाई ब्रिटनबाहेर, पाउंड पडल्याने त्यांचा फायदाच झाला. ब्रिटनमध्ये घरं बांधणारे आणि तिथल्या बँका मात्र बराच काळ जमिनीवर. टीव्हीवर "बाजार सावरला" म्हणत होते तो बाजार मुख्यतः परदेशात कमावणाऱ्या कंपन्यांचा होता.

आता आपल्याकडे परत येतो, कारण खरा मुद्दा इथे आहे. पन्नास मोठ्या कंपन्यांच्या निफ्टी इंडेक्समध्ये साधारण एक तृतीयांश वजन बँका आणि फायनान्स कंपन्यांचं, त्यातही खासगी जास्त, मग आयटी, तेल, एफएमसीजी, गाड्या. सगळी अंडी एका टोपलीत नाहीत म्हणून इंडेक्स तीन दिवसांत सावरतो. पण आपल्या ओळखीतल्या किती जणांचा पोर्टफोलिओ निफ्टीसारखा आहे? बहुतेकांकडे असतात रेल्वेचे दोन, डिफेन्सचे दोन, एखादी पॉवर फायनान्स, आणि एखादा पीएसयू, म्हणजे सरकारी कंपन्यांचा, फंड. "बाजार सावरला" हे त्यांना लागूच होत नाही. रेल्वेसाठी कर्ज उभारणारी आयआरएफसी जानेवारी २०२१ ला २६ रुपयांना आली, जुलै २०२४ ला २२९ पर्यंत गेली, आणि मार्च २०२५ पर्यंत निम्म्याच्या आसपास. रेल्वेची बांधकामं करणारी आरव्हीएनएल तशीच, जुलैत सहाशेच्या पार आणि मार्चमध्ये निम्म्यावर. मधे सरकार बदललं का? नाही. रेल्वेमंत्री बदलला का? नाही. १ फेब्रुवारी २०२५ च्या बजेटमध्ये रेल्वेची भांडवली तरतूद आदल्या वर्षीइतकीच, साधारण अडीच लाख कोटींवर राहिली, कापलीही नाही, फक्त वाढवली नाही, तेवढ्यानेच त्या दिवशी रेल्वेचे शेअर आपटले. राजकीय स्थैर्य होतं, धोरण तेच होतं, आणि तरी पैसे अर्धे. कारण भावात दर वर्षीची वाढ गृहीत धरलेली होती.

आणि लोक कधी शिरले ते बघा, इथे मला खरंच वाईट वाटतं. जून २०२४ मध्ये, म्हणजे ४ जूनचा तो दणका बसल्यानंतरच्या चार आठवड्यांत, सेक्टर आणि थीमॅटिक फंडांमध्ये, म्हणजे एकाच उद्योगात किंवा एकाच विषयात पैसे लावणाऱ्या म्युच्युअल फंडांमध्ये, एका महिन्यात २२ हजार कोटींच्या वर पैसे आले, इक्विटी फंडांत त्या महिन्यात आलेल्या एकूण पैशांच्या निम्म्याहून जास्त. "बघा, पडला आणि सावरला, घाबरायचं नाही" हा धडा घेऊन लोक नेमके जास्त राजकारण भरलेल्या ठिकाणी गेले, आणि पुढच्याच महिन्यात तिथलं शिखर झालं. एसआयपी, म्हणजे फंडात दर महिन्याला टाकायची ठरलेली रक्कम, महिन्याला २० हजार कोटींच्या वर गेली, शेअर ठेवायची डिमॅट खाती १५ कोटींच्या वर, आणि राज्यांमध्ये सगळ्यात जास्त गुंतवणूकदार महाराष्ट्राचे. हे पैसे शिक्षकांचे आहेत, एसटीच्या ड्रायव्हरचे आहेत, नुकत्याच नोकरीला लागलेल्या पोरांचे आहेत. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या नियमानुसार थीमॅटिक फंडाला ८० टक्के पैसे त्याच थीममध्ये ठेवावे लागतात, म्हणजे फंड मॅनेजरला धोका दिसला तरी तो बाहेर पडू शकत नाही, तो निर्णय त्या एसटीच्या ड्रायव्हरने घ्यायचा. त्याला हे एनएफओ, म्हणजे नवे फंड, विकताना कोणी सांगितलं?

पीएसयूने पैसे करून दिले नाहीत असं मी म्हणतच नाही. २०२१ ते २०२४ मध्ये करून दिले, आणि त्याला कारणंही होती, शेअर खूप स्वस्त होते, केंद्राचा भांडवली खर्च २०२०-२१ च्या चार लाख कोटींच्या थोडं वरून २०२४-२५ च्या बजेटमध्ये ११ लाख कोटींवर गेला, डिफेन्समध्ये परदेशातून आणायच्या वस्तूंच्या बंदीच्या याद्या आल्या, माझगाव डॉकसारख्या कंपनीला खरंखुरं काम मिळालं. ज्याने हे समजून २०२१ ला घेतलं त्याने अभ्यास केला आणि कमावलं. पण त्याने सरकारच्या खर्चावर पैसे लावले होते हे त्याला माहीत होतं. २०२४ ला घेणाऱ्याला वाटत होतं की तो "देशाच्या प्रगतीवर" पैसे लावतोय. या दोन गोष्टी एक नाहीत, कारण देशाची प्रगती चालू असतानाही सरकार खर्चाची दिशा बदलू शकतं.

यात राजकारण्यांबद्दल बोललंच पाहिजे. मे २०२४ मध्ये निवडणूक चालू असताना गृहमंत्र्यांनी मुलाखतीत सांगितलं की ४ जूनच्या आधी शेअर घेऊन ठेवा, बाजार वर जाईल. पंतप्रधानही निकालानंतर बाजार नवे विक्रम करेल असं बोलले. नंतर राहुल गांधींनी याच्या चौकशीसाठी संयुक्त संसदीय समितीची मागणी केली, भाजपने फेटाळली, आणि चर्चा पक्षांच्या भांडणात संपली. मला पक्षात जायचं नाही, उद्या दुसरं कोणी सत्तेत असेल आणि हेच बोलेल तरी माझं म्हणणं हेच राहील. शेअरचा सल्ला देऊन पैसे घेणाऱ्याला सेबीकडे रजिस्टर व्हावं लागतं, लायसन्स लागतं, स्वतःचे शेअर जाहीर करावे लागतात. आणि जो माणूस रेल्वेची ऑर्डर देतो, इथेनॉलचा भाव ठरवतो, टॅक्स लावतो, त्याने जाहीरपणे बाजार कुठे जाईल ते सांगावं? त्याच्या शब्दाला वजन त्याच्या खुर्चीमुळे येतं. निवडणूक आयोगाच्या आचारसंहितेत मंत्र्यांनी नव्या योजना जाहीर करायच्या नाहीत असं आहे, त्यात बाजाराबद्दल भाकीत करायचं नाही एवढं एक वाक्य घालायला काय हरकत आहे?

पण नेत्यांना गप्प केलं तरी मूळ गोष्ट राहतेच, की गुंतवणूकदाराला आपल्या फंडात सरकार किती आहे ते कळत नाही. ते कळवता येतं, अवघड नाही. एखाद्या गिऱ्हाईकाकडून १० टक्क्यांहून जास्त कमाई येत असेल तर ते कंपन्यांना आत्ताही हिशोबात दाखवावं लागतं, अकाउंटिंगचा तसा नियमच आहे. म्हणजे माहिती बरीचशी आहे. फंडाच्या फॅक्टशीटवर, म्हणजे माहितीपत्रकावर, एक ओळ छापायची, की या फंडातल्या कंपन्यांची इतके टक्के कमाई सरकारी ऑर्डरमधून किंवा सरकारने ठरवलेल्या भावातून येते. आत्ता जोखीम दाखवणाऱ्या रिस्कोमीटरचा काटा छापतात, जवळपास सगळ्याच इक्विटी (शेअरमध्ये पैसे लावणाऱ्या) फंडांचा काटा "अतिशय जास्त" वर, त्यामुळे निफ्टीचा इंडेक्स फंड आणि डिफेन्स फंड लोकांना सारखेच दिसतात. दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि तो फरक मोजता येतो.

कोणी म्हणेल की सरकारने धोरण बदलूच नये का. बदलावं, ऊस कमी असेल तर साखर महाग होऊ देऊन चालणार नाही, सणासुदीला लोक विकत घेणार काय. पण बदलायची वेळ ठरवता येते. पाठीमागून लावलेला तो २०१२ चा टॅक्स शेवटी २०२१ च्या ऑगस्टमध्ये मागे घ्यावा लागला आणि आठ हजार कोटींच्या वर परत द्यावे लागले, नऊ वर्षं बदनामी झाली ती वेगळीच. पाऊस कमी झाला हे सप्टेंबर संपता संपता कळलेलं असतं, उसाचा अंदाज ऑक्टोबरमध्ये कृषी खात्याकडे असतो, आणि इथेनॉलचं वर्ष १ नोव्हेंबरला सुरू होतं. त्या वर्षी रसापासून इथेनॉल करू द्यायचं की नाही, किती करू द्यायचं, ते ३१ ऑक्टोबरच्या आत सांगावं आणि मग पुढच्या ऑक्टोबरपर्यंत त्याला हात लावू नये, म्हणजे कारखान्याला, ऊस घालणाऱ्याला आणि शेअर घेणाऱ्याला आपापला निर्णय घ्यायला वेळ मिळेल.